तुझी वर्गणी संपली आहे, स्लावका

लिपोवेत्स, १९ जानेवारी

प्रिय स्लावका,

हे पत्र कामाचं आहे, तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच चुलीत घालू नकोस.

'ओदमेव' साप्ताहिकाची तुझी वार्षिक वर्गणी या महिन्याच्या सुरुवातीला संपली. आमच्या यंत्रणेने तुला तीन ईमेल पाठवल्या. पहिली गोड, दुसरी जरा बेताची, आणि तिसरीत लिहिलेलं, 'आपण आम्हाला सोडून जात आहात याचं आम्हाला अतीव दुःख होत आहे.' हे अतीव दुःख मी लिहिलेलं नाही. ते यंत्रणेबरोबर राजधानीतल्या कंपनीकडून आयतं आलं. माझ्या हातात असतं तर मी 'अगं, विसरलीस का?' एवढंच लिहिलं असतं.

पेपर कागदावर निघायचा तेव्हा माझं काम सोपं होतं. पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, गठ्ठे पोस्टात टाकायचे. आता पेपर फोनवर उघडतो आणि वर्गणी विभाग म्हणजे एक संगणक, एक टेलिफोन आणि मी. नियम असा आहे: वर्गणी संपली तरी दोन आठवडे पेपर उघडाच राहतो. माणूस विसरतो, प्रवासात असतो, दवाखान्यात असतो. तेवढी सवलत द्यायची. मुदत संपत आली की यंत्रणा ते नाव माझ्यासमोर लाल करते, मग मी फोन करते. फोन केल्यावरही गाडी पुढे सरकली नाही, तर दार बंद.

तुझं नाव परवा लाल झालं. मी फोन उचलला आणि परत ठेवला. सव्वा वर्षात आपण एक शब्द बोललो नाही, आणि पहिलं वाक्य काय, तर 'तुझी वर्गणी थकली'? ते काही मला जमेना. म्हणून मी तुझी मुदत हाताने महिनाभर पुढे ढकलली. तसा अधिकार मला आहे.

खरं सांगू? गेल्या जानेवारीत तू अगदी वेळेवर वर्गणी भरलीस. बाबांच्या लग्नाला आली नाहीस, मी साक्षीदार म्हणून सही केली म्हणून माझे फोन उचलेनाशी झालीस, आणि वर्गणी मात्र भरलीस. त्या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं. म्हटलं, तिकडे स्वीडनला लांदस्क्रोनामध्ये बसून गुरुवारी सकाळी ती आपलं गाव वाचते आहे ना, मग ठीक आहे.

यंदा भरली नाहीस. तेव्हा मला विचारावंसं वाटतं. पण हे पत्र कामाचं असल्यामुळे मी विचारत नाही.

आपली नम्र,
तिल्का
(वर्गणी विभाग)

ता. क. बाबा ठणठणीत आहेत. हे वर्गणीच्या विषयात बसत नाही, पण लिहिलं.


लिपोवेत्स, १२ फेब्रुवारी

प्रिय स्लावका,

तुझं उत्तर नाही, त्यामुळे मी तुला सुखाने मोठं पत्र लिहू शकते. मध्ये कुणी बोलत नाही.

इकडे गोंधळ उडाला. गावातली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि तिने एका दिवसात सगळ्यांची जुनी कार्डं बंद करून नवी दिली. लोकांनी नवी कार्डं पाकिटात टाकली, जुनी कात्रीने कापली आणि खूश झाले. बहुतेकांची वर्गणी महिन्याच्या महिन्याला कार्डातून आपोआप कापली जाते, आणि कार्ड चाललं नाही की आमची यंत्रणा नाव थेट लाल करते. तिला हे कोण सांगणार? सोमवारी सकाळी मी संगणक उघडला तर निम्मी यादी लाल! यंत्रणेने त्या सगळ्यांना एकदम ते अतीव दुःख पाठवलं होतं.

नऊ वाजता पहिला फोन बेकरीवाल्या त्स्वेतोचा. "तिल्का, मी सोडून चाललोय म्हणे! कुठे चाललोय मी? परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं!"

त्याच्यामागून ओळच लागली. लोक फोन करत होते, थेट ऑफिसात येत होते. एकजण बटाट्याची पिशवी घेऊन आला, म्हणाला, कार्ड नाही चालत तर हे घ्या. सगळ्यात कहर अग्निशमन दलाचा. राडो प्रमुखाची एकट्याची वर्गणी अडकली आणि तासाभरात बावीस माणसांनी विचारलं की पेपर उघडल्यावर वरती 'वर्गणी संपली' का येतं. सगळं दल एकाच पासवर्डवर वाचत होतं! मी राडोला म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणतो, "आमचं ब्रीदच आहे, तिल्का. एकासाठी सगळे."

हसू आलं तरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आमचा संपादक येर्नेय, आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचा मुलगा, तो घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी आला. आपण ज्याला कडेवर घेतलं तो आता माझा साहेब आहे आणि मला 'तिल्काबाई' म्हणतो. त्याने सरळ सांगितलं, यातले एक तृतीयांश लोक परत आले नाहीत तर एप्रिलमध्ये 'ओदमेव' बंद. खालच्या खोऱ्यातला मोठा पेपर आपल्याला आठवड्यातून एक पान देईल. त्या पानावर गावचं काय येणार? चोऱ्या आणि अपघात.

"मोठे पेपर तीन दिवसांत दार लावतात," तो म्हणाला. "दार लागलं की लोक धावत येतात. आपणही लावू या."

मी म्हटलं, "येर्नेय, दार लागलं की धावत येतो तो घाईचा माणूस. आपली माणसं दार बंद दिसलं की म्हणतात, बरं, नको तर नको, आणि घरी जातात. वर दहा वर्षं ते बोलून दाखवतात. तू या गावात वाढलास ना?"

मग आमचं ठरलं: कुणाचंही दार फोन केल्याशिवाय लावायचं नाही, आणि सगळे फोन मी करायचे.

आता करते आहे. आमच्या धंद्यात दोनच प्रकारचे लोक असतात, स्लावका. एक, ज्यांना जायचं असतं. दुसरे, ज्यांचं नुसतं राहून गेलेलं असतं. यादीत दोघं सारखेच लाल दिसतात. विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी पहिल्यांदा तब्येत विचारते, पैशाचं नाव काढत नाही, आणि मग सरळ विचारते: तुम्ही जाताय, की राहून गेलं? जाणाऱ्याला आभार मानून जाऊ देते.

इवान्का ओळखतेस ना, गिरणीच्या मागची? तिच्या घरची वर्गणी नवऱ्याच्या, फ्रान्सच्या नावावर आहे, आणि तो तर शरद ऋतूत गेला. मी चाचरत म्हटलं, आता तुमच्या नावाने करू या का? तर म्हणाली, "नको गं. गुरुवारी पेपर उघडला की वरती येतं, 'नमस्कार फ्रान्स'. तेवढं राहू दे. मी त्याच्या नावाने भरते."

मी ते तसंच ठेवलं. नियमात बसत असेल-नसेल.

तुझं कार्ड स्वीडनच्या बँकेचं. म्हणजे बँकेचं कारण तुला लागू नाही. हे मला सोमवारीच कळलं होतं, पण कामाच्या गडबडीत मी ते तीन दिवस कळू दिलं नाही.

तिल्का


लिपोवेत्स, २८ फेब्रुवारी

प्रिय स्लावका,

काल पकडली गेले.

मुदत वाढवायची तर यंत्रणा कारण विचारते. तिथे मी इतरांचं 'नवं कार्ड यायचंय', 'दवाखान्यात', 'बोकड हरवला, नंतर बोलू' असं लिहिते. येर्नेयने बसून सगळी कारणं वाचली. मग मान वर न करता म्हणाला, "तिल्काबाई, एस. लिंडक्विस्ट, स्वीडन. कारण: बहीण. पुढच्या वेळचं कारण: अजूनही बहीण."

मी म्हटलं, "खोटं काय आहे त्यात?"

"यांना फोन केलात का?"

"लाइन खराब असते तिकडची."

"स्वीडनची?" एवढंच बोलला. आईवर गेलाय, हातातली पट्टी तेवढी नाही.

आता पुढचं वाचून तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगते की ते छोटं आहे. फोन करून करून माझा घसा बसला. आवाजच फुटेना. अजून शंभरावर लोक बाकी. गुरुवारी एर्नाबाई ऑफिसात आल्या, कोट काढला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला माझा. दे ती यादी."

हो, त्याच. बाबांच्या एर्नाबाई. मी नको म्हणू शकले असते, पण म्हणायला आवाज नव्हता.

तुला सांगते, ही बाई फोनवर बसली की ऐकत राहावं. आवाजात मध नाही, घाई नाही. रागावून बोलणाऱ्याला ती बोलू देते, आणि तो दमला की म्हणते, "बरं, आता सांगा." त्स्वेतोच्या भावाने तिला सुनावलं की पेपरात आता काही राम नाही, सगळ्या मृत्यूच्याच बातम्या. तर म्हणाली, "मग वाचत राहा ना, तुमची यायची तेव्हा चुकायला नको." तो हसत सुटला आणि दोन वर्षांची एकदम भरली.

आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. आजही कळतं. पण त्या हिवाळ्यात बाबा संध्याकाळी दिवा न लावता स्वयंपाकघरात बसायचे. तू तिकडे, मी माझ्या घरी. अकॉर्डियनच्या पेटीवर धूळ होती. आता रोज वाजवतात, आणि शेजारी तक्रार करतात. मला ती तक्रार ऐकायला फार आवडतं.

छोटं लिहीन म्हटलं होतं. असो.

कार्निव्हलला राडोचं दल मधमाश्या झालं होतं. बावीस मधमाश्या, गळ्यात एकच पाटी: 'आम्ही आता प्रत्येकी भरतो.'

तिल्का


लिपोवेत्स, १६ मार्च

प्रिय स्लावका,

आधी चांगली बातमी. 'ओदमेव' चालू राहणार! यादीतले बहुतेक परत आले. जे गेले ते खरोखर जाणारे होते. एकजण मुलीकडे कायमचा कॅनडाला, एकाला डोळ्यांनी दिसत नाही, आणि एक आपले जुने नगराध्यक्ष, ज्यांना आम्ही मागे गटाराबद्दल छापलेलं अजून पचलेलं नाही. येर्नेयने ऑफिसात सगळ्यांना जेवायला बोलावलं. आंबवलेल्या सलगमाचं सूप, सॉसेज, आणि एर्नाबाईंची अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची पोतित्सा. खालच्या खोऱ्यातल्या मोठ्या पेपरचा माणूस चौकशीला आला होता, त्यालाही एक तुकडा दिला. खाऊन गेला.

जेवताना येर्नेय म्हणाला, आता सगळ्यांची मुदत नियमाप्रमाणे. हाताने ढकलणं बंद. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, यातच सगळं आलं.

आणि स्लावका, त्याचं बरोबर आहे. हे दोन महिने मी गावभर सांगत फिरते की जाणाऱ्याला जाऊ द्यावं, आभार मानावेत, वाद घालू नये. आणि तुझं दार मात्र मी पायाने अडवून धरलंय. तू आत ये म्हणून नाही. तू गेलीस हे मला यंत्रणेच्या पडद्यावर वाचायला लागू नये म्हणून. तुला जायचा हक्क आहे. बाबांवर रागावायचा आहे, माझ्यावर आहे, आणि पेपर न वाचायचाही आहे.

म्हणून आज मी तुझी मुदत वाढवली नाही. आता तुझं नाव सगळ्यांसारखं यादीत जाईल आणि नियमाने जे व्हायचं ते होईल. पत्रंही थांबवते. तीन पत्रांना उत्तर आलं नाही तर चौथ्यात समजून घ्यावं एवढी अक्कल मला आहे, उशिरा आली तरी.

सुखी राहा. तुझ्या लेनार्टला नमस्कार सांग, त्याचा तर काही दोष नाही.

तिल्का


लिपोवेत्स, २७ मार्च

अगं स्लावका!

काल फोनवर इतकं बोललो तरी हे पत्र लिहिते आहे, कारण आमच्या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि ते न सांगता मला झोप यायची नाही. हे तरी नव्या पत्त्यावर येईल. मेल्ये, घर बदललं हे सांगायचंस तरी! पण सांगणार कशी, बोलतच नव्हतो. पूर्वी पत्त्याची पट्टी बदलायला तरी तुला कळवावं लागलं असतं. आता गाव फोनवर उघडतं, माणूस कुठे राहतो ते कुणाला कळतच नाही. लांदस्क्रोनाच्या त्या नव्या भाडेकरूकडून माझी चारही पत्रं मागव, आणि वाचलीस की मला काही बोलू नकोस.

तर ऐक. काल मी पोस्टात गेले होते. परत आले तर ऑफिसात एर्नाबाई फोनवर. हात कपाळाला लावलेला. येर्नेय दारात उभा, कॉफीचा कप तसाच हातात. बाबा एर्नाबाईंना न्यायला आले होते, ते टोपी घालून खुर्चीत, आणि पहिल्यांदाच आयुष्यात कुजबुजत होते. म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू येईल इतकंच. "तिल्का, कोण आहे? ती रडतेय का?"

कोण रडतंय ते मला कळेना. एर्नाबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लिंडक्विस्ट."

मी म्हटलं, "तुम्ही तिला फोन केलात?"

"यादीत लाल झालं होतं नाव. लाल झालं की फोन करायचा, तूच सांगितलंस." चेहरा असा साळसूद, की एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला स्वीडनचा नंबर ओळखू येत नाही यावर तिथल्या तिथे विश्वास बसावा. माझा बसला नाही. येर्नेयचाही नाही.

नंतर त्यांनी मला सगळं शब्द न् शब्द सांगितलं. आधी तुझी तब्येत विचारली. तू म्हणालीस, "तिल्का नाही का तिथे?" त्या म्हणाल्या, "पोस्टात गेलीये, मी मदतीला आहे." मग विचारलं, "तुम्ही जाताय, की राहून गेलं?"

आणि तू म्हणे भडकलीस. "जाते कुठली! जानेवारीपासून फोनची वाट बघतेय मी! गावातल्या आमच्या मैत्रिणीने, अनित्साने वर्गणी चुकवली तर तिल्का तिच्याशी पाऊण तास बोलली. म्हणून मीही भरली नाही. म्हटलं, आता करेल फोन. तर पेपर आपला उघडतोच आहे, उघडतोच आहे! फुकट वाचायचं तरी किती! अर्ध्या गावाला फोन आला, मलाच नाही. तुमच्याकडे माणसाला बाहेर काढतच नाहीत का हो?"

स्लावका, मी हे ऐकलं तेव्हा टेबलावर डोकं टेकून हसले, आणि मग दुसरंच काही झालं. ज्यांचं दार बंद होत आलंय त्यांनाच आम्ही फोन करतो. तुझं दार मीच बंद होऊ दिलं नाही, म्हणून तुला फोन गेला नाही. तू तिकडे वाट बघतेस, आणि मी इकडे दर महिन्याला ती लांबवतेय. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, दोघींना एकत्र पोत्यात घालून हलवलं तरी शहाणपण मिळायचं नाही.

पण एर्नाबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "बाहेर काढत नाहीत हो. तुम्ही गावात कुठल्या?" असं त्यांनी विचारलं, सगळं माहीत असून. तू म्हणालीस, "लाकडाच्या वखारीमागचं घर, हिरव्या खिडक्या." आणि त्या म्हणाल्या, "खिडक्या आता निळ्या आहेत. रंग मीच दिला. मी एर्ना."

मी आत आले ती त्यानंतरच्या शांततेत. तुझ्याकडची शांतता तुला माहीत. इकडची सांगते. बाबांची टोपी हातात आली होती. एर्नाबाईंनी रिसीव्हर माझ्याकडे द्यायला हात पुढे केला, मी नको म्हणून मान हलवली, कारण तू फोन ठेवला नव्हतास. पलीकडून तुझ्या श्वासाचा आवाज येत होता. फोन ठेवायचा असता तर तू ठेवला असतास, तुला मी ओळखते.

मग तू बाबांचं विचारलंस, आणि एर्नाबाईंनी उत्तर दिलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"नाही हो, कुठे घालतात मोजे! बर्फात अनवाणी जातात लाकडं आणायला."

पुन्हा तुझं काहीतरी.

"तेच तर! गोळ्या घेतो म्हणतात आणि कुंडीत टाकतात. जिरेनियमचा रक्तदाब एकदम उत्तम आहे."

त्यानंतर जे सुरू झालं! बाबांचं घोरणं, बाबांचं डुकराच्या चरबीवरचं प्रेम, शिडीवर चढणं, डॉक्टरला खोटं सांगणं. एर्नाबाईंनी खुर्ची ओढून घेतली, कोपर टेकलं. मध्येच म्हणाल्या, "तुमची आई त्यांना कशी आवरायची हो? मला खरंच कळत नाही." त्यावर तू बराच वेळ बोललीस. काय बोललीस ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फक्त त्या ऐकत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि एकदा म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंस." 'सांगितलंत' नाही. 'सांगितलंस'.

बाबांना राहवेना. "माझ्याबद्दल बोलतायत का?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्याबद्दलच."

"चांगलं की वाईट?"

"बाबा, तुमच्याबद्दल चांगलं इतका वेळ कोण बोलेल?"

ते उठले, येर्नेयच्या हातातली गार झालेली कॉफी घेऊन पिऊन टाकली आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. हसत होते का, ते मला कळलं नाही, आणि मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

त्यानंतर फोन माझ्याकडे आला, ते तुला माहीतच आहे. तू पहिलं वाक्य म्हणालीस, "हं, विचार आता." मी नियमाप्रमाणे तब्येत विचारली. आणि तू म्हणालीस की वर्गणी ऑनलाइन भरणार नाहीस, जूनमध्ये स्वतः येऊन माझ्या टेबलावर ठेवणार. येर्नेयने खुणेनेच सांगितलं, चालेल.

शेवटी बाबांनी फोन घेतला. इतके दिवस त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं. काय काय बोलायचं ते मला कितीदा तरी सांगून झालं होतं, माफीचं, आईचं, लग्नाचं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, घसा खाकरला आणि सगळं गाव ऐकेल इतक्या जोरात म्हणाले,

"स्लावका! मोजे घालतो मी!"

तुझी,
तिल्का